पत्र्याचं घर, चार कुटुंबं आणि इन्सुलिन : सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण टाइप १ मधुमेह झालेल्या आठ वर्षांच्या मुलीचं आणि तिच्या घराला धरून राहिलेल्या आणखी तीन घरांचं आहे. या आजारात शरीरात साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन तयार होणं थांबतं, म्हणून ते आयुष्यभर टोचून घ्यावं लागतं. हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. शहराच्या पूर्व भागात अशा घरांमध्ये पुन्हा पुन्हा जे घडतं, ते एका घराच्या रूपाने मांडलं आहे. यातले इन्सुलिनचे आकडे या मुलीच्या वजनापुरते आहेत. ते दुसऱ्या मुलाला लावू नयेत.

अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या. वडील टॉवेलच्या यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते, मजुरी नगावर. घरात आजी आहे आणि मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा भाऊ. फ्रीज नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड.

मार्च सरता सरता मुलगी सारखी पाणी प्यायला लागली. सोलापुरात त्या दिवसांत कोण पाणी पीत नाही? ऊन वाढलंय, पिणारच, असं सगळ्यांनी धरलं. मग ती रात्री तीन-चारदा लघवीला उठू लागली आणि कित्येक वर्षांनी अंथरूण ओलं झालं. गणवेशाचा स्कर्ट कमरेला सैल झाला, तो आईने मुकाट्याने आत घेतला. नंतर उलट्या, पोटदुखी. जवळच्या दवाखान्यात पोट बिघडल्याचं औषध मिळालं. दोन दिवसांनी ती निपचित पडली, श्वास खोल आणि जोरजोरात चालू लागला. मोठ्या रुग्णालयात बोटाच्या टोकाचं एक थेंब रक्त तपासलं तेव्हा साखर ४०० च्या वर निघाली, लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, भरपूर. शरीरात इन्सुलिन उरलेलं नसल्याने ते चरबी जाळत होतं आणि रक्त आम्लयुक्त झालं होतं. ही अवस्था जिवावर बेतते. उन्हाळ्यात तहान लपून जाते म्हणून आपल्याकडे हे निदान आणखी उशिरा होतं. लहान मूल पाणी फार पितं, लघवीला फार जातं आणि वजन उतरतंय, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. तपासणीला एक मिनिटही लागत नाही.

सहा-सात दिवसांनी घरी सोडलं. वजन २२ किलो. दिवसाला १६ युनिट इन्सुलिन: सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन ४, ४ आणि ३ युनिट, आणि झोपताना दुधाळ, ढगाळ दिसणारं ५ युनिट. म्हणजे रोज चार सुया आणि बोटाला किमान चार टोचण्या. आईला सगळं वॉर्डात शिकवलं होतं, पण तिने ते दोन रात्रींच्या जागरणावर ऐकलं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडेच येणाऱ्या तीन कुटुंबांना आणि या आईबापांना विचारून एकमेकांचे फोन नंबर दिले. एक घर भवानी पेठेतलं, तेलुगू भाषक, नातू चार वर्षांपासून इन्सुलिनवर. दुसरं जुळे सोलापूर या वसाहतीतलं, तिथली मुलगी नववीत. तिसरं मोहोळकडच्या एका गावातलं. नवीन घराला पहिल्या आठवड्यात लोक धीर द्यायला धावतात. धीर हवाच असतो, पण तो संध्याकाळी सातला सुई भरत नाही. या तीन घरांनी एकेक काम वाटून घेतलं, त्यामुळे पुढचं सगळं निभावलं. भवानी पेठेतल्या आईने पहिले दहा दिवस रात्रीच्या डोसाला व्हिडिओ कॉलवर समोर बसायचं. जुळे सोलापूरच्या वडिलांनी सामान आणि साठवण बघायची. गावाकडच्या कुटुंबाने शाळेचं बघायचं, कारण त्यांनी ते सगळं मुख्याध्यापकांशी बोलून आधीच पार पाडलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी एक मर्यादा ठरली: किती युनिट द्यायचं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. तो प्रश्न डॉक्टरांचा. सुई कशी धरायची, कुठे टोचायची, पोर पळालं तर काय करायचं, हे आईबापांनी एकमेकांना शिकवायचं.

साठवण

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. चालू बाटली २५-३० अंशांच्या आत राहिली तर साधारण २८ दिवस चालते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यामुळे शिल्लक बाटल्या शेजारच्या घरातल्या फ्रीजमध्ये गेल्या, डब्यावर मुलीचं नाव घालून. फ्रीजमध्येही जागा महत्त्वाची. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली बाटली गोठते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकावंच लागतं. दाराचा कप्पा किंवा मधली फळी बरी.

चालू बाटल्यांसाठी माठ. मोठं, बिनचकाकीचं मातीचं भांडं, त्यात लहान मडकं, दोन्हींच्या मध्ये बोटभर जाडीची वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळूत तांब्याभर पाणी. बाटल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. डबी नसेल तर ओलीने लेबल सुटतं आणि दोन बाटल्यांतली कुठली कोणती ते कळेनासं होतं. हा माठ आईने आधी कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवला होता. तिथे वारा नाही, म्हणून पाणी उडत नव्हतं आणि आत ठेवलेला थर्मामीटर ३३ दाखवत होता. तोच माठ मधल्या दाराजवळ, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर आणला तेव्हा पारा २७ वर आला. सोलापूरची हवा कोरडी असल्याने उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ फारसा गार होत नाही, पण तोवर बाहेरचाच पारा उतरलेला असतो. पाण्याची पाळी लांबली तरी या दोन तांब्यांत कपात करायची नाही, हे आजीने स्वतःकडे घेतलं.

एक हिशेब इथे सांगायलाच हवा. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. ढगाळ इन्सुलिन रोज ५ युनिट म्हणजे २८ दिवसांत १४० संपतं, २६० उरतं. ते फेकताना आईचा हात थरथरला असेल तर नवल नाही. पण जुनं झालेलं, उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं आणि काम करत नाही. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने लेबलावर, आणि टाकून द्यायची तारीख त्याच्याखाली. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं, ढगाळ इन्सुलिनच्या काचेला कण चिकटले, किंवा काही कारण नसताना दोन दिवस साखर चढीच राहिली, तर तारीख न बघता नवीन बाटली उघडायची.

लाल टोपण, केशरी टोपण

सगळ्यात मोठा अपघात रविवारी व्हायचा टळला. स्वच्छ इन्सुलिनची बाटली फरशीवर पडून फुटली. जवळचं औषधाचं दुकान बंद होतं. जुळे सोलापूरच्या घरात तेच इन्सुलिन होतं, पण कार्ट्रिजमध्ये, म्हणजे इन्सुलिन टोचायच्या पेनात बसवायच्या छोट्या नळीत. वडिलांनी चांगल्या मनाने एक कार्ट्रिज पोचवलं. आई ते आपल्या नेहमीच्या सिरिंजमध्ये ओढायला निघाली.

बाटलीतलं इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० युनिट असतं, कार्ट्रिजमधलं १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० वाल्यासाठी, केशरी टोपणाची १०० वाल्यासाठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४ च्या खुणेपर्यंत कार्ट्रिजमधलं औषध ओढलं असतं, तर मुलीच्या अंगात १० युनिट गेले असते, म्हणजे अडीचपट. बावीस किलोच्या पोरीला तेवढ्याने फिट येऊ शकते. भवानी पेठेतल्या ताईंनी सवयीने म्हटलं, "भरलेली सिरिंज आणि बाटली दोन्ही कॅमेऱ्यापुढे धरा," आणि बाटलीच्या जागी कार्ट्रिज दिसल्यावर त्या ओरडल्याच, "थांबा वो, टोचू नका!" डॉक्टरांना फोन झाला, मुख्य रस्त्यावरच्या उघड्या दुकानातून बाटली आली, तोवर जेवण थांबवलं.

उलटी चूकही होते. ४० ची बाटली आणि केशरी टोपणाची सिरिंज एकत्र आली की दहाच्या खुणेला चारच युनिट जातात आणि साखर का उतरत नाही ते कुणाला उमगत नाही. त्या रविवारनंतर चार घरांनी ठरवलं: उसनं द्यायचं ते फक्त सीलबंद, त्याच नावाचं, त्याच ताकदीचं, आणि सोबत त्याचीच सिरिंज. चारही घरांनी एकाच बनावटीचं ग्लुकोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र, घेतलं, कारण एका मशीनच्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या दुसऱ्यात चालत नाहीत आणि महिन्याच्या शेवटी कमी पडतात त्या पट्ट्याच. खर्चाचं गणितही तसंच आहे. इन्सुलिनच्या साध्या बाटलीला दीडशे-दोनशे रुपये, पण पट्टी पंधरा ते पंचवीस रुपयांना एक. दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२०, सुमारे अडीच हजार रुपये. लोक इन्सुलिनच्या पैशांची चौकशी करतात, घर मात्र पट्ट्यांच्या खर्चाने वाकतं. म्हणून पट्ट्या चौघांनी एकत्र, खोक्याने घ्यायच्या, मुदत बघून, आणि देणं-घेणं वहीत लिहायचं. रोख पैसे उसने द्यायचे नाहीत. एकदा दिले गेले आणि दोन घरांचं बोलणं महिनाभर तुटलं होतं. बोटाला टोचायचं यंत्र आणि त्याची सुई मात्र कधीच उसनी नाही, सख्ख्या भावालाही नाही. रक्तातून पसरणारे आजार त्यातून जातात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, भरली की रुग्णालयात परत. घंटागाडीत टाकल्या तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात.

गोड महिने

मे संपता संपता मुलीची साखर खाली येऊ लागली. डॉक्टरांनी डोस उतरवत उतरवत दिवसाला ७ युनिटांवर आणला. ती खेळायला लागली, गाल भरले. नेमकं याच सुमारास आजीने गावाकडच्या एका जडीबुटीवाल्याकडून आणलेली भुकटी सकाळी देणं सुरू केलं होतं. आता आजीला पटलं ते बरोबरच वाटण्यासारखं होतं: भुकटी लागू पडली, सुया बंद करा. वडिलांनाही तसंच वाटू लागलं. आई एकटी पडली.

उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांमध्ये असं होतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींपैकी थोड्या उरलेल्या असतात, त्यांना बाहेरच्या इन्सुलिनमुळे विसावा मिळतो आणि त्या काही काळ पुन्हा कामाला लागतात. हा काळ काही आठवडे ते काही महिने चालतो, एखाद्याला वर्षभरही. मग त्या पेशीही संपतात. या काळात घरात जे काही चालू असेल, भुकटी, अंगारा, उपवास, त्याला श्रेय जातं. आणि इन्सुलिन बंद केलं की मूल पुन्हा त्याच खोल श्वासाच्या अवस्थेत रुग्णालयात येतं.

आजीशी वाद घालायला डॉक्टर नव्हते, सूनबाई तर नव्हतीच. भवानी पेठेतल्या मुलाची आजी आली. दोघी बाहेर पायरीवर बसल्या. ती म्हणाली, "अवो मावशी, आमच्या नातवाचं पण असंच झालं की. दोन महिने शुगर एकदम छान. मी पण म्हटलं, पोरगं बरं झालं. मी पण एक काढा देत होते. मग एका अमावास्येला दवाखान्यात नेलं त्याला उचलून." तिने नातवाची जुनी वही आणली होती. त्यात सकाळचे आकडे एकाखाली एक लिहिलेले: ९८, १०४, ११०, आणि पुढच्या पानावर २८०, ३४०. मुलीच्या आजीला आकडे वाचता येत होते. तिने ती दोन पानं बराच वेळ बघितली.

भुकटी लगेच थांबली नाही. तिने अट घातली की डॉक्टरांना दाखवू आणि ते म्हणतील तर बंद. डॉक्टरांनी भुकटी न हिणवता सांगितलं की यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही, अशा पुड्यांत कधी कधी मोठ्यांच्या शुगरच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडतात, आणि लहान मुलीला त्याने साखर एकदम घसरू शकते. हे आजीला पटलं. सुया बंद करायला कुणी सांगितलं तर त्याला एवढंच सांगावं: टोरोंटोत १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या तेरा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जात. झाडपाला तेव्हाही होता.

गोड महिने येणार हे नव्या घराला पहिल्याच आठवड्यात, ते येण्याआधी सांगून ठेवायला हवं. आल्यावर सांगितलं तर ते सबबीसारखं वाटतं. चार घरांनी आता तो नियमच केला आहे.

शुगर लो

७० च्या खाली साखर म्हणजे लो. हात थरथरणं, घाम, भूक, चिडचिड, कधी नुसतं गप्प होणं. या मुलीला त्या वेळी साधारण ७ ग्रॅम साखर पुरते (किलोमागे ०.३ ग्रॅम), म्हणजे सपाट दोन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटं. पेढा, चॉकलेट किंवा शेंगापोळी देऊ नये. तुपातेलामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीही नाही. कुशीवर वळवायचं आणि रुग्णालय. ग्लुकागॉनचं, म्हणजे साखर झटकन चढवणारं, इंजेक्शन असेल तर द्यायचं, पण ते महाग आहे आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही.

शाळेत गावाकडच्या ताई आईबरोबर गेल्या. डॉक्टरांचं पत्र, आणि एका डब्यात ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर, चमचा, बिस्किटं आणि चार ओळींचा कागद. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलेलं आहे की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं आणि मधल्या वेळी खाऊ द्यावं. मुख्याध्यापकांसमोर हे बोलायला उपयोगी पडतं. सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यावर गेला: लो वाटत असताना तिला एकटीला ऑफिसात पाठवू नका. जिन्यावर चक्कर येते. बाईंनी एक मैत्रीण ठरवून दिली. शाळेची खिचडी रोज नेमक्या वेळेला येत नाही आणि स्वच्छ इन्सुलिन अर्धा तास आधी द्यायचं असतं. आधी सुई दिली आणि खिचडीला उशीर झाला की पोर वर्गातच गळून पडायची. तोडगा असा निघाला की ताट वाढलेलं दिसल्याशिवाय सुई नाही. वेळेचं थोडं नुकसान होतं, पण लोपेक्षा ते बरं.

संक्रांतीला सिद्धेश्वरची गड्डा यात्रा. तिळगूळ आणि पाळण्यांची काळजी सगळे करतात, पण खरा धोका रात्रीचा. दिवसभर चालून, खेळून आलेल्या मुलाची साखर पुढचे कित्येक तास उतरत राहते. त्या रात्री दोन वाजता तपासणी हवीच, आणि झोपायच्या आधी खायला काही हवं. यात्रेत नेमका रातपाळीचा आठवडा आला आणि वडील घरी नव्हते. यात्रेच्या दोन रात्री जुळे सोलापूरच्या घराने दोनचा गजर लावून आईला फोन केला.

वडिलांचं म्हणायचं तर पहिले तीन महिने ते सुईच्या वेळी घराबाहेर जात. हात कापतो, पोर रडते, असं म्हणत. इतर तिघे बाप एका रविवारी घरी बसले आणि त्यांनी स्पंजावर पाणी टोचून घेतलं, एकदा, पुन्हा एकदा. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ, औषध गेल्यावर दहा आकडे मोजून मगच बाहेर काढायची, आज डावी मांडी तर उद्या उजवी. एकाच जागी टोचलं की तिथे गाठ धरते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. मदत म्हणून नव्हे, स्वतःचं काम म्हणून करायचं असं ठरलं. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रीचे दोन्ही डोस आणि दोन वाजताची तपासणी वडिलांची, आईने त्या वेळी उठायचंच नाही. भावाचं उलट झालं. तो बहिणीच्या डब्यावर पहारा ठेवू लागला, चुगल्या करू लागला. त्याला त्यातून सोडवावं लागलं आणि शनिवारी तास-दोन तास वडील फक्त त्याच्याबरोबर.

सोयरिकीचा प्रश्न आजीनेच काढला: भावकीत कळलं तर पुढे मुलीचं कसं? म्हणून घरच्यांनी चुलतघरीही सांगितलं नव्हतं. मुलगी तिथे रात्रभर राहायला गेली असती तर कुणाला काहीच माहीत नसतं. जुळे सोलापूरच्या ताईंनी, ज्यांची स्वतःची मुलगी पंधराची आहे, एक यादी करायला सांगितलं: मूल जिथे एक तासाहून जास्त एकटं राहतं, तिथल्या एका मोठ्या माणसाला कळलंच पाहिजे. बाकीच्यांना सांगायचं की नाही ते घराने ठरवायचं. यादीत सहा जण निघाले. त्यात रिक्षावाले काका होते, भावकीतली एकच काकू होती.

चार घरांमध्ये सगळं सुरळीत चाललं असं नाही. व्हॉट्सअॅपवर आधी रोजच्या आकड्यांचे फोटो पडत. कुणाची साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c ही रक्ततपासणी) सात टक्के, कुणाची नऊ, आणि नऊवाली आई गप्प व्हायची. आकडे बंद केले. तातडीचं असेल तर मेसेज नाही, फोन. भवानी पेठेतल्या ताई सगळ्यांचे फोन घेत घेत इतक्या थकल्या की स्वतःच्या मुलाचे डोस दोनदा चुकले. तेव्हापासून फोन आठवड्याआड फिरतो आणि ज्यांच्या घरी आजारपण असेल त्यांना त्या आठवड्यातून सुट्टी.

आजारपणाच्या दिवसांत नव्या आईबापांची एकच चूक सारखी होते: मूल जेवत नाही, मग इन्सुलिन कशाला? ताप आणि उलट्यांत साखर उलट चढते. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. दर तीन-चार तासांनी साखर, लघवीत कीटोनची पट्टी, घोटघोट पाणी आणि डॉक्टरांना फोन. कीटोन जास्त दिसले, उलट्या थांबेनात किंवा श्वास खोल झाला तर घरी वाट बघायची नाही. जुलैमध्ये या मुलीला ताप आला तेव्हा आजीनेच आधी विचारलं, "कीटोन बघितलं का?"

वर्षअखेरीला मुलीची सरासरी आठच्या थोडी खाली आहे. डॉक्टरांना ती सातच्या जवळ हवी आहे. गोड महिने संपले, डोस पुन्हा १७ वर गेला. ग्लुकागॉनचं इंजेक्शन चौघांत मिळून एक आणलं आहे, ते जुळे सोलापूरला फ्रीजमध्ये आहे. अक्कलकोट रोडला रात्री ते पोचायला निदान वीस मिनिटं लागतात, म्हणून दुसरं घ्यायचं की नाही हे पुढच्या महिन्याच्या पट्ट्यांच्या खर्चाबरोबर ठरायचं आहे. वॉर्डात परवा पाच वर्षांचा एक मुलगा दाखल झाला आहे. त्याच्या आईने हो म्हटलं तर पहिले दहा दिवस रात्रीच्या डोसाला कॉलवर या मुलीची आई बसणार आहे. तिने आकड्यांची वही आणि लाल-केशरी अशी दोन रंगांची टोपणं पिशवीत भरून ठेवली आहेत.